कोवळ्या कलमांचा पहिला हिवाळा

मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. लखनौच्या बागेत आणि शेतावर या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे. हिवाळ्यातील निरभ्र रात्री दव गोठून जो पांढरा थर गवतावर आणि पिकावर बसतो, त्याला तिकडे पाला म्हणतात. ‘काल पाला पडला’ असे तिथल्या माळ्याने सांगितले म्हणजे नव्यानेच लखनौला गेलेल्या मराठी माणसाला वाटते, झाडांची पाने गळली असतील. आणि चारदोन दिवसांनी ती खरोखरच गळतात, त्यामुळे त्याचा गैरसमज दूर होण्यास थोडा वेळच लागतो.

शब्दाचा हा घोटाळा क्षुल्लक खरा. परंतु ज्याच्या गच्चीवर गेल्या पावसाळ्यात लावलेली वीसपंचवीस कलमे उभी आहेत, त्याच्या दृष्टीने पाला ही चेष्टेची गोष्ट नव्हे. ती कलमे बोन्सायसाठी लावलेली असतील, तर मुळीच नव्हे. भाजीचा वाफा गारठ्याने गेला तर नवा वाफा करता येतो. बोन्सायसाठी निवडलेली फांदी मात्र कुठलीही फांदी नसते. तिचा बाक, तिच्या पेऱ्यांमधले अंतर, ती जेथे दुभागते ती जागा हे सारे पाहून, पुढल्या पंधरावीस वर्षांचे झाड डोळ्यांपुढे आणून ती कापलेली असते. ती मेली म्हणजे वर्ष तर वाया जातेच. पण तसाच बाक असलेली फांदी पुन्हा मिळेल याचा भरवसा नसतो.

बोन्साय या जपानी शब्दाचा अर्थ तबकात लावलेले झाड, इतकाच आहे. ही कला चीनमधून जपानात गेली, तेथे तिला शिस्त आली, आणि विसाव्या शतकात ती जगभर पसरली. लखनौला तिच्यासाठी भूमी तयारच होती. नबाबी काळापासून बाग हा तेथील जीवनाचा भाग. अवधचा अखेरचा नबाब वाजिद अली शाह याने आपली बेगम सिकंदर महल हिच्या नावाने सिकंदर बाग वसवली. 16 नोव्हेंबर 1857 रोजी त्याच बागेच्या भिंतींआड घनघोर लढाई होऊन तिची रया गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास प्राध्यापक कैलासनाथ कौल यांनी त्या जागी वनस्पतिउद्यान उभे करण्याचे काम हाती घेतले. 1953 मध्ये ते उद्यान वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले, आणि 1978 पासून ते राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. डिसेंबरातील शेवंतीचे आणि जानेवारीतील गुलाबाचे तेथील प्रदर्शन पाहावयास सारे शहर लोटते. तेथील बोन्सायही लोक थबकून पाहतात, आणि घरी परतताना पुष्कळांच्या मनात एखादी कुंडी रुजलेली असते. मराठी माणसाला लखनौ माहीत असते ते बहुधा पंडित भातखंडे यांनी 1926 साली तेथे सुरू झालेल्या संगीत महाविद्यालयासाठी केलेल्या खटपटीमुळे. पण नोकरीच्या निमित्ताने पुण्यामुंबईकडून तिकडे गेलेल्या कुटुंबांनाही या बागांचा नाद लागतोच. त्यांच्याबरोबर जेडची किंवा वडाची चारदोन कलमेही जातात, आणि पहिल्याच जानेवारीत ती दगावतात.

ती का दगावतात हे समजण्यासाठी कलम म्हणजे काय ते प्रथम पाहावयास हवे. बोन्सायची सुरुवात बियापासूनही करता येते. तथापि जाणता माणूस बहुधा छाट कलम पसंत करतो. बियाचे रोप आधी आपले सोटमूळ सरळ खाली सोडते, आणि उथळ तबकात सोटमुळाची अडचणच होते. कलमाला सोटमूळ नसतेच. फांदीच्या कापलेल्या टोकाची जखम भरून येत असता तेथून चोहोबाजूंना आगंतुक मुळे फुटतात; पुढे हीच मुळे जाड होऊन बुंध्याभोवती पंजासारखी पसरली म्हणजे दीड वितीचे झाडही शंभर वर्षांचे वाटू लागते. दुसरे असे की, कलमातून मूळ झाडाची हुबेहूब प्रत मिळते. लखनौच्या संस्थेने बोगनवेलीच्या ज्या नव्या जाती काढल्या, त्यांपैकी एकीला ‘बेगम सिकंदर’ आणि दुसरीला ‘वाजिद अली शाह’ असे नाव आहे. बोगनवेलीच्या अशा शोभिवंत जाती बियाने आपला रंग राखीत नाहीत; नबाबाचे आणि बेगमेचे नाव तेथे टिकते ते कलमांच्या जोरावर.

लखनौत पाऊस सुरू होतो जूनच्या अखेरच्या आठवड्यात, आणि सप्टेंबर सरता सरता तो आवरतो. कलमे लावण्याचा उत्तम काळ या मधल्या दिवसांचा, कारण हवेत ओल असते आणि माती उबदार असते. चार ते आठ आठवड्यांत मुळे फुटतात. येथे एक फसवणूक होते, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. फांदीच्या पोटात साठवलेल्या अन्नावर कलमाला आधी पाने फुटतात आणि मुळे मागाहून येतात. वर पाचसहा हिरवीगार पाने पाहून मालक हर्षभरित होतो. मातीखाली मात्र त्या वेळी दोऱ्यासारखी पांढरी, धक्का लागताच तुटणारी पाचसात मुळे असतात किंवा तीही नसतात. नुसते वर पाहून कलम लागले म्हणणे म्हणजे दारावरचे तोरण पाहून घरातल्या कोठाराचा अंदाज करणे होय. अशा स्थितीत कार्तिक संपतो आणि थंडी येते.

लखनौचा हिवाळा आकड्यांत मांडला तर फारसा भयंकर वाटत नाही. जानेवारीत रात्रीचे किमान तपमान सरासरी सातआठ अंशांवर असते. एखाद्या कडाक्याच्या रात्री ते दोनतीन अंशांपर्यंत उतरते. हिमवर्षाव नाही, नदी गोठत नाही. युरोपातील किंवा जपानातील माणूस याला हिवाळा म्हणणारही नाही. परंतु या आकड्यांत दोन गोष्टी दिसत नाहीत. पहिली म्हणजे धुके. तिकडे चिल्ला म्हणून चाळीस दिवसांचा काळ मानतात: सूर्य धनु राशीत असतानाचे शेवटचे पंधरा दिवस आणि मकरेतले पहिले पंचवीस, म्हणजे साधारणपणे डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. या दिवसांत कित्येकदा गोमतीच्या काठची हवा इतकी दाट होते की, दुपारी बारालाही सूर्य पितळी थाळीसारखा फिकट दिसतो, आणि एखाद्या आठवड्यात तर तेवढाही दिसत नाही. माती दिवसा तापत नाही, पाने अन्न करीत नाहीत, कुंडीतली ओल उडत नाही.

दुसरी गोष्ट आहे हवामानखात्याच्या तपमापकाची. तो उभा असतो जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीवर, सावलीच्या पेटीत. कलम उभे असते जमिनीलगत, उघड्या आकाशाखाली. या दोन ठिकाणांचे तपमान एकच असते असे समजणे हीच बऱ्याच कलमांच्या मरणाची सुरुवात होय. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री पान आपल्याजवळची उष्णता आकाशाकडे सतत सोडीत असते, आणि आकाशाकडून तिची भरपाई होत नाही. त्यामुळे ते भोवतालच्या हवेपेक्षाही कित्येक अंशांनी अधिक थंड होते. हवा चार अंशांवर असता गवतावरील दव गोठू शकते ते यामुळेच. आपल्याकडे महाबळेश्वरला गावात पारा सातआठ अंशांवर असताना वेण्णा तलावाच्या काठी पहाटे दवाचे हिमकण झालेले दिसतात आणि त्याची बातमी होते, त्याचे मर्म हेच. धुक्याची रात्र या एका बाबतीत उपकारक असते. धुके पांघरुणाचे काम करते. खरी घातकी रात्र म्हणजे चांदण्या स्वच्छ दिसणारी.

या गोष्टीचा एक विलक्षण पुरावा गंगायमुनेच्या याच मुलखातून मिळतो. सर रॉबर्ट बार्कर या कंपनी सरकारच्या सेनाधिकाऱ्याने 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादेकडील बर्फ करण्याच्या रीतीचे वर्णन प्रसिद्ध केले. बर्फाचे यंत्र त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मोकळ्या मैदानावर सुमारे तीस फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल असे खड्डे खणीत. त्यांच्या तळाशी उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे आठदहा इंच जाडीची पसरीत. त्यावर बिनझिलईची, पातळ मातीची, जेमतेम सव्वा इंच खोल अशी परळे ओळीने मांडीत, आणि तिन्हीसांजेला त्यांत उकळून निववलेले पाणी घालीत. पहाटे त्या परळांत बर्फ झालेला असे. बाजूच्या तळ्यात मात्र बर्फाचा मागमूसही नसे. परळातून पाणी पाझरून उडते म्हणून ते गोठते, अशी पुष्कळांची समजूत होती. 1814 मध्ये लंडनच्या विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टराने दवावर लिहिलेल्या निबंधात तिचे खंडन केले, आणि उष्णता आकाशाकडे निघून जाते हेच मुख्य कारण असल्याचे दाखवून दिले. त्याने चार काटक्या रोवून त्यांवर एक पातळ रुमाल गवतापासून अर्धा फूट उंचीवर ताणून बांधला, आणि रुमालाखालचे गवत बाहेरच्या गवताहून कित्येक अंशांनी उबदार राहते असे मोजून सिद्ध केले. कोवळ्या रोपांवर पातळ चटई टाकणाऱ्या माळ्यांना आपण पूर्वी हसत होतो, असेही त्याने मोकळ्या मनाने नमूद केले आहे. विद्वानाने माळ्याची अशी माफी मागितल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

आता अलाहाबादचे ते परळ आणि बोन्सायचे तबक शेजारी शेजारी ठेवून पाहावे. दोन्ही उथळ, दोन्ही मातीची, दोन्ही पाझरणारी. दोन्हींत थोडेसे पाणी. दोन्ही जमिनीपासून अलग आणि आकाशाला उघडी. बर्फ करण्यासाठी जे जे लागते ते सारे बोन्सायच्या शौकिनाने न कळत जमवलेले असते, आणि त्यात भर म्हणून तो त्या तबकात आपले सर्वांत नाजूक कलम लावतो! मोठे झाड जमिनीत उभे असते, तेव्हा त्याच्या मुळांना खालच्या धरणीची ऊब मिळत राहते. दोन हात खोलीवर माती पौषातही फारशी थंड होत नाही. तबकातली मूठभर माती मात्र रात्रभरात हवेइतकीच, किंबहुना तिच्याहूनही थंड होते. त्यातून झाडाची मुळे खोडापेक्षा थंडीला अधिक भितात. निसर्गाने त्यांच्यासाठी हिवाळा योजलेलाच नव्हता.

तेव्हा पहिला नियम असा की, नव्या कलमाला पहिल्या हिवाळ्यात तबकात बसवू नये. ते खोल कुंडीत राहू द्यावे. अंगण असेल त्याने ती कुंडी काठापर्यंत जमिनीत पुरावी; गच्चीच असेल त्याने साऱ्या कुंड्या एका लाकडी खोक्यात खेटून ठेवाव्यात आणि मधल्या फटींत वाळू किंवा पेंढा भरावा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीच्या पायथ्याची जागा सर्वांत चांगली. ती भिंत दिवसा जे ऊन पिते ते रात्री परत करते, शिवाय तिकडचा कोरडा, बोचरा पश्चिमेचा वारा, ज्याला पछुवा म्हणतात, तोही आडवता येतो. नंतर वरून पांघरूण. बर्फ करणारे लोक पेंढा खाली घालीत, म्हणजे जमिनीची ऊब परळापर्यंत पोचू नये. माळी तोच पेंढा वर घालतो, म्हणजे झाडाची ऊब आकाशाला मिळू नये. एकाच वस्तूने एका जागी बर्फ होतो आणि दुसऱ्या जागी झाड वाचते.

हे ज्ञान लखनौच्या आसपास पुस्तकांतून आलेले नाही. शहरापासून तासाभराच्या वाटेवर मलिहाबाद आहे, दशहरी आंब्याचे माहेर. तेथे आंब्याच्या नव्या रोपावर पहिली दोनतीन वर्षे हिवाळ्यात गवताचे छोटे छप्पर उभारण्याची रीत आहे. ते छप्पर तीन बाजूंनी बंद आणि आग्नेयेला उघडे असते. सकाळचे कोवळे ऊन आत यावे, उत्तरेचा आणि पश्चिमेचा वारा येऊ नये, आणि डोक्यावर आकाश नसावे, अशी ही योजना. एखाद्या वेधशाळेने आराखडा काढून दिला असता तरी याहून चांगला निघाला नसता. बोन्सायच्या कलमांसाठी याच छपराची लहान आवृत्ती करावी: चार काठ्या आणि वर गोणपाट. गोणपाट पानांना टेकू नये. जेथे टेकते तेथेच पान पहिल्याने करपते. आजकाल गोणपाटाऐवजी पॉलिथीनचा कागद टाकण्याची सोय झाली आहे, आणि ती फसवी आहे. त्या पातळ कागदाने वारा आणि पाऊस अडतो, परंतु निसटणारी उष्णता त्यातून बरीचशी आरपार जाते. शिवाय दिवसा ऊन पडले की आत भट्टी होते. पॉलिथीन वापरावयाचेच तर रात्री त्यावर गोणपाट हवे, आणि दुपारी त्याची एक बाजू उघडी हवी. पांघरूण सूर्यास्तापूर्वी घालावे आणि ऊन अंगावर आले की काढावे. दिवसभर झाकून ठेवलेले कलम थंडीने मरत नाही, अंधाराने मरते.

इतके सारे केल्यावरही कलमे मरतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा हंडा किंवा झारी हे असते. सर्वांत जास्त नुकसान येथेच होते, म्हणून त्याचा विचार थोडा सविस्तर करणे योग्य होईल. माती दहा अंशांच्या खाली गेली म्हणजे मुळांची पाणी शोषण्याची शक्ती मंदावते. थंड पाणी स्वतःही घट्ट होते आणि मुळांच्या पेशींतून सावकाश वाहते. पण दुपारी धुके विरून तासदोन तास ऊन पडले, पछुवा सुटला, तर पानांतून पाणी उडतच राहते. खालून येणारे कमी आणि वरून जाणारे जास्त, असा प्रकार झाला की पाने माना टाकतात. माती ओली आहे आणि झाड तहानलेले आहे! मालक पाहतो ती मान टाकलेली पाने. तो कळवळून पाणी घालतो. आधीच गार आणि भिजलेली माती आणखी भिजते, तिच्यातील हवा संपते, मुळे गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशीला मोकळे रान मिळते. दुसऱ्या दिवशी पाने आणखी सुकतात, मालक आणखी पाणी घालतो. असे आठवडाभर चालले म्हणजे कलम पाण्यात उभे राहून तहानेने मरते. त्याच्या मरणाचा दोष मात्र पाल्याला दिला जातो.

अशा वेळी माती बोटाने इंचभर उकरून पाहावी, कुंडी उचलून तिचे वजन पाहावे, आणि ओल असेल तर पाणी न घालता नुसती सावली करावी. पाणी घालणे जरूरच असेल तर ते सकाळी दहाअकराला घालावे, संध्याकाळी कधीही नाही. गच्चीवरच्या टाकीतले रात्रभर गारठलेले पाणी टाळावे. हापशाचे ताजे पाणी हिवाळ्यात कोमट असते, ते उत्तम. येथे एक शंका येणे साहजिक आहे. पाल्याची भीती असली म्हणजे तिकडचे बटाट्याचे शेतकरी सायंकाळी शेताला हलके पाणी देतात. मग कुंडीला का देऊ नये? ओली माती दिवसाची उष्णता अधिक साठवते आणि खालची ऊब वर आणते, हे खरे. परंतु शेताखाली अख्खी पृथ्वी आहे आणि कुंडीखाली गच्चीची फरशी. शेताला लागू पडणारा उपाय कुंडीला घातक होतो तो एवढ्याच फरकामुळे.

खताचीही हीच कथा. दसरा झाला की नत्राचे खत बंद करावे. त्या खताने आलेली लुसलुशीत पालवी पौषाच्या हाती आयती सापडते. शेंडे खुडणे, तार गुंडाळणे, कुंडी बदलणे, किंवा मुळे आली की नाहीत हे पाहण्यासाठी कलम हळूच ओढून पाहणे, यांतले काहीही नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करू नये. शेवटचा मोह तर फारच आवरावा लागतो.

सर्व झाडांना एकच वागणूक देऊन चालत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. डाळिंब आणि तुती लखनौच्या थंडीत पाने टाकून झोपी जातात. त्यांना पाहून घाबरण्याचे कारण नाही. खोडावर नखाने अगदी हलके खरवडून हिरवे दिसले म्हणजे ते जिवंत आहे. त्याला पाणी फार थोडे लागते, कारण पानेच नाहीत. वड, पिंपळ आणि तिकडे बोन्सायसाठी आवडीने घेतली जाणारी त्याच कुळातली पाकड ही उष्ण मुलखातील झाडे. ती खऱ्या अर्थाने झोपत नाहीत, नुसती थांबतात. त्यांना पांघरूण हवेच. बोगनवेल जुनी झाली की थंडीला दाद देत नाही, पण तिच्या कोवळ्या कलमाचे शेंडे एका पाल्यात काळे पडतात. काळे शेंडे लगेच कापू नयेत. खालच्या डोळ्यांना त्यांची थोडी सावली होते, आणि कापल्याने अवेळी फूट येते. जेडची गोष्ट सर्वांत वाईट. आफ्रिकेच्या दक्षिणेकडचे हे झाड पानांत आणि खोडात पाणी साठवून राहते. ते पाणी गोठले की पान काचेसारखे पारदर्शक होऊन लोंबते आणि मग काही उपाय चालत नाही. जेडला पौषात पाणी जवळजवळ तोडावे आणि त्याला रात्री ओसरीत घ्यावे. मुंबईहून नेलेल्या जेडला हे ठाऊक नसते, आणि त्याच्या मालकालाही.

उलट, देवदार किंवा चीड यांची रोपे कुणी हौसेने नैनीतालहून आणतो. सुमारे 2,000 मीटर उंचीवरच्या त्या गावात हिमवर्षाव होतो; तेथील झाडांना दीर्घ, सलग थंडी हवी असते आणि ती लखनौत मिळत नाही. त्यांची काळजी हिवाळ्यात करावी लागत नाही. ती उन्हाळ्यात मरतात. जपानात बोन्सायसाठी हिवाळ्यात ‘मुरो’ नावाच्या कोठ्या असतात. तिथे झाडाला ऊब द्यावयाची नसते. ते गोठून पुन्हा वितळणे, पुन्हा गोठणे असे होऊ नये आणि कोरडा वारा लागू नये, एवढेच पाहावयाचे असते. झोप मोडू नये हा त्यांचा हेतू. 1923 च्या भूकंपानंतर तोक्यो सोडून गेलेल्या बोन्सायकारांनी 1925 मध्ये ओमिया येथे वसाहत केली, आणि तिची कीर्ती पुढे जगभर झाली. तिकडे लिहिलेली पुस्तके इकडे वाचली जातात. त्या पुस्तकांतील ‘झाड हिवाळ्यात बाहेरच ठेवावे’ हे वाक्य त्यांच्या पाइनला आणि मेपलला अगदी खरे आहे. लखनौच्या गच्चीवरील पाकडीच्या कलमाला ते लागू करणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचण्यासारखे आहे. आणि पुस्तक मिटून ज्याने थेट घरातील शेगडीजवळ कलम नेऊन ठेवले, त्यानेही भले केले नाही; तेथील कोरड्या हवेत आणि अपुऱ्या उजेडात ते आठ दिवसांत पाने टाकते.

माघात कधी कधी पाऊस येतो. आपण ज्याला मावठा म्हणतो त्याला तिकडे महावट म्हणतात. दोन शब्दांचे नाते कानालाच कळते. हा पाऊस पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेबरोबर येतो. तो असेपर्यंत आकाश झाकलेले असते आणि रात्री उबदार असतात. तो गेला की वायव्येचा गार वारा वाहतो, आकाश लख्ख होते, आणि वारा पडलेल्या पहिल्याच रात्री पाला पडतो. पाऊस उघडला म्हणून हायसे वाटून ज्याने गोणपाट वाळत टाकले, त्याची कलमे नेमकी त्या रात्री उघडी सापडतात. कुंड्या भिजू न देणे आणि पाऊस गेल्यावरच्या दोनतीन रात्री विशेष जागरूक राहणे, ही महावटीची दोन पथ्ये आहेत.

वसंतपंचमीच्या सुमारास दिवस मोठा झाल्याचे जाणवू लागते, आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर लखनौत एक फार छोटा, फार सुंदर वसंत येतो. तो अवघा पाचसहा आठवड्यांचा. एप्रिल लागताच लू नावाचा भाजून काढणारा वारा वाहू लागतो. म्हणजे कलमाला नवी मुळे वाढवण्यासाठी मिळतात ते एवढेच दिवस. हिवाळ्यात ज्याची निम्मी मुळे कुजली, ते कलम फेब्रुवारीत उरल्यासुरल्या बळावर पालवते, पाहणाऱ्याला वाचलेसे वाटते, आणि एप्रिलअखेर उभ्याउभ्या वाळून जाते. लोक म्हणतात लूने मारले. वास्तविक त्याचा निकाल जानेवारीतच लागलेला असतो. म्हणून हिवाळ्याचे काम केवळ कलम जिवंत ठेवण्याचे नसून त्याची मुळे शाबूत ठेवण्याचे आहे, आणि ती मुळे कोणालाही दिसत नाहीत.

पांघरूण एकदम काढू नये. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आधी ते रात्री थोडे उशिरा घालावे, मग एक दिवसाआड, मग निरभ्र आणि वारा पडलेली रात्र असेल तेव्हाच. पाणी पालवीच्या मागोमाग वाढवावे, पुढे नव्हे. होळीच्या सुमारास डोळे फुगून हिरवे झाले म्हणजे कुंडी हळूच उपडी करून मातीचा गोळा हातावर घ्यावा. त्याच्या कडेने पांढरी, टवटवीत मुळे सर्व बाजूंना दिसली तर ते कलम आता रोप झाले असे समजावे. मुळे तपकिरी आणि ओलसर असून बोटाने साल निघून आली, तर सडलेला भाग कापून स्वच्छ वाळूत त्याला पुन्हा संधी देता येते. दहांतून तीनचार वाचले तरी पुष्कळ. चांगल्या रोपाचे खाली जाणारे जाड मूळ या वेळी छाटावे, आडवी मुळे राखावीत, आणि वाळू, विटांचा चुरा व पालापाचोळ्याचे कुजलेले खत यांच्या मिश्रणात त्याला पुन्हा खोल कुंडीतच लावावे. तबकाची घाई अजूनही करावयाची नाही. त्याला निदान तीनचार वर्षे आहेत. पुढच्या पौषात डाळिंबाच्या आणि पाकडीच्या त्या रोपांना गोणपाट एखाद्याच रात्री लागते. जेडला मात्र दरसाल ओसरीत घ्यावेच लागते.